घरपट्टीच्या फेरआकारणीची नोटीस आली आहे. हरकतीत नेमके काय लिहावे?

ओट्यावरचा (प्रश्नकर्ता)

आमचे घर जळगाव जिल्ह्यातील एका ब वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत, जुन्या गावठाणाला लागून असलेल्या वस्तीत आहे. वडिलांनी १९९४ मध्ये तीस बाय वीस फुटांचे स्लॅबचे घर बांधले. त्याच्या मागे पंधरा बाय वीस फुटांचे पत्र्याचे शेड आहे. त्यात पूर्वी म्हैस बांधलेली असे, आता लाकूडफाटा आणि पाण्याची पिंपे असतात, आणि कापसाच्या दिवसांत शेतातला माल काही दिवस तिथेच पडून राहतो. गेल्या उन्हाळ्यात खासगी एजन्सीची दोन मुले भर दुपारी मोजणीसाठी आली होती. त्या वेळी घरी केवळ आई होती. मुलांनी बाहेरूनच फिरून फोटो काढले आणि आईची एका कागदावर सही घेतली.

आता चतुर्वार्षिक कर आकारणीची नोटीस आली आहे. तिच्यात क्षेत्रफळ ८३.६१ चौरस मीटर, बांधकामाचा प्रकार आरसीसी आणि वापर निवासी असे लिहिले आहे. गेल्या वर्षी सर्व कर मिळून २,१४० रुपये भरले होते. नव्या आकारणीप्रमाणे ही रक्कम ३,६०० रुपयांच्या पुढे जाते. खान्देशातल्या कानबाईच्या सणाला रोटांच्या जेवणासाठी सर्व भाऊ घरी जमले होते, तेव्हा ही नोटीस हातोहात फिरली आणि प्रत्येकाने निराळा सल्ला दिला. एकाचे म्हणणे पडले की वाढ अन्यायकारक आहे असा अर्ज गल्लीतल्या सर्वांनी सह्या करून द्यावा. दुसरा म्हणाला की नगरसेवकाला भेटल्याशिवाय काही होणार नाही. तिसऱ्याच्या मते नळाला सहाव्या दिवशी पाणी येत असताना कर वाढवण्याचा नगरपरिषदेला अधिकारच नाही आणि हरकतीत हेच ठणकावून लिहावे.

अडचण आणखी एक आहे. नोटीस वडिलांच्या नावाने आहे आणि त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. त्यामुळे हरकत कोणी द्यायची, तिच्यात काय लिहायचे आणि निकाल लागेपर्यंत कर भरायचा की थांबवायचा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

चौकातला

दादा, आमच्या भागात मागच्या फेरीला अडीचशे लोकांच्या सह्यांचे निवेदन दिले होते. ते मुख्याधिकाऱ्यांनी हसतमुखाने स्वीकारले, फोटो काढला गेला, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमीही आली आणि बिले जशीच्या तशी आली. माझ्या मते भरणेच थांबवावे. सर्वांनी थांबवले की आपोआप चर्चा होते.

निवृत्त कर लिपिक

माझी बहुतेक नोकरी दोन नगरपरिषदांच्या कर विभागात गेली आणि चतुर्वार्षिक आकारणीच्या पाच फेऱ्या मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिल्या आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम आपल्या नोटिशीतील आकडा पाहा. तीस बाय वीस म्हणजे ६०० चौरस फूट, म्हणजेच ५५.७४ चौरस मीटर. पंधरा बाय वीस म्हणजे ३०० चौरस फूट, म्हणजेच २७.८७ चौरस मीटर. या दोन्हींची बेरीज बरोबर ८३.६१ येते. मोजणी चुकलेली नाही. चुकला आहे तो बांधकामाचा प्रकार. मागचे पत्र्याचे शेड आपल्या खात्यावर स्लॅबचे म्हणून चढले आहे. फोटो वरून किंवा गल्लीच्या तोंडावरून घेतले जातात, आणि एका मिळकतीसाठी एकच प्रकार नोंदवून मोकळे होण्याची घाई मोजणी करणाऱ्यांना असते, त्यामुळे ही चूक प्रत्येक फेरीत शेकड्याने सापडते. याच्या उलट चूकही होते, म्हणजे आरसीसी घर पत्र्याचे म्हणून नोंदले जाते, पण त्याची हरकत घेऊन आजवर माझ्यासमोर कोणी आलेले नाही.

या चुकीचा पैशांत अर्थ काय होतो, तो समजण्यासाठी गणिताची रीत सांगतो. भाडेमूल्यावर आधारित आकारणीत प्रत्येक प्रकारच्या बांधकामाला, शहरातील त्या त्या झोनप्रमाणे, दर चौरस मीटरला दरमहा अमुक रुपये असा दर ठरलेला असतो. क्षेत्रफळाला त्या दराने आणि बाराने गुणले की वार्षिक भाडेमूल्य येते, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य उरते आणि त्यावर कराची टक्केवारी लागते. आपल्या शहरातील दर मला पाहावे लागतील, पण केवळ उदाहरणासाठी आरसीसीला १२ रुपये, पत्र्याला ५ रुपये आणि कर २० टक्के धरू. सर्व घर आरसीसी धरल्यास करयोग्य मूल्य सुमारे १०,८३६ रुपये होते. शेड वेगळे धरल्यास ते सुमारे ८,७२९ रुपयांवर येते. करातील फरक वर्षाला जवळपास ४२१ रुपयांचा पडतो आणि चार वर्षांत तो १,७०० रुपयांच्या घरात जातो. आज हरकत घेतली नाही तर हीच नोंद पुढच्या फेरीत जुनी आणि मान्य नोंद म्हणून समोर येते, हे त्याहून वाईट.

आता सह्यांच्या निवेदनाविषयी. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ११९ खाली जी हरकत घेतली जाते, ती एका विशिष्ट मिळकतीच्या नोंदीवर असते. सुनावणी घेणारा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी हा नगररचना विभागातला असतो. त्याच्यासमोर आपली फाईल असते, गल्लीची नसते. कर फार वाढला असे म्हटल्यावर तो फक्त ऐकून घेऊ शकतो, कारण झोनचा दर सर्वांना सारखा असतो. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष, वापर आणि भाडेकरू या नोंदींपैकी एखादी चुकली असेल, तर ती दुरुस्त करणे हे त्याचे कामच आहे. आमच्या कार्यालयात एक जुने हेडक्लार्क होते. माणूस कितीही तावातावाने बोलला तरी ते चष्मा वर करून अहिराणीत एवढेच विचारीत, "कागद काय सांगस?" त्या वेळी आम्हाला तो उद्धटपणा वाटायचा, पुढे स्वतः त्या खुर्चीवर बसल्यावर त्या प्रश्नाची किंमत कळली.

म्हणून अर्ज एका पानाचा असावा. मिळकत क्रमांक, नोटिशीचा क्रमांक व दिनांक, त्यानंतर "नोंद अशी आहे" आणि "प्रत्यक्ष स्थिती अशी आहे" ही दोनच वाक्ये आणि शेवटी स्थळपाहणी करून दुरुस्ती करावी अशी विनंती, एवढे पुरे आहे. सोबत शेडचे आतून आणि बाहेरून काढलेले फोटो, हाताने काढलेला मापांचा नकाशा आणि मागील आकारणीचा उतारा जोडावा. आपले घर १९९४ चे आहे असे आपण म्हणता. नोटिशीत बांधकामाचे वर्ष काय लिहिले आहे तेही तपासा, कारण जुन्या बांधकामाला दर कमी लावलेला असेल तर चुकीच्या वर्षाने तेही नुकसान होते. त्या काळातील वीजजोडणीचा कागद घरात सापडला तर तो उत्तम पुरावा ठरतो.

हरकतीची मुदत नोटिशीवर लिहिलेली असते. ती सहसा तीस दिवसांची असते आणि ती चुकवू नये. अर्ज आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. टेबलावर ठेवून आलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, असे समजावे. आकारणी यादी मालकाला किंवा भोगवटादाराला विनाशुल्क पाहता येते आणि तिच्यातून टिपण करून घेता येते, त्यासाठी माहितीच्या अधिकाराची गरज नाही. त्या मार्गाने तीस दिवस थांबलात तर हरकतीची मुदतच निघून जाईल.

आणि चौकातल्या भाऊंचा सल्ला कृपया मानू नका. थकलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. शासन मधून मधून शास्तीमाफीची अभय योजना आणते हे खरे, परंतु ती कधी येईल यावर घराचे नियोजन करता येत नाही.

ओट्यावरचा

आपण बेरीज करून दाखवली तेव्हा मी नोटीस पुन्हा काढून पाहिली आणि खरोखरच चकित झालो. इतके दिवस आम्ही सर्व जण फक्त शेवटच्या रकमेकडे पाहत होतो. बांधकामाचे वर्ष २००८ असे लिहिलेले आहे. त्या वर्षी आम्ही समोरच्या ओट्याला फरशी बसवली होती, बाकी काहीही बांधले नव्हते.

दोन शंका उरतात. पहिली वडिलांच्या नावाची. दुसरी अशी की मागील शेडसाठी आम्ही कधी बांधकाम परवानगी घेतलेली नाही. हरकतीत शेडचा उल्लेख केल्यास आपल्याच हाताने आपण ते अनधिकृत असल्याचे कळवल्यासारखे होईल काय, अशी भीती मोठ्या भावाला वाटते.

धुळेकर ताई

मी धुळ्याची. आमच्याकडे २००३ पासून महानगरपालिका आहे आणि तिला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो, त्यामुळे कलमे आणि मुदती आपल्याकडच्यापेक्षा वेगळ्या आहेत. नात्यातल्या कोणी धुळ्याचा किंवा जळगाव शहराचा अर्ज नमुना म्हणून पाठवला तर तो तसाच उतरवू नका, एवढे आधी सांगते. माझ्या भावाने नंदुरबारच्या नातेवाईकांसाठी हीच चूक केली होती. अर्जावर चुकीच्या कायद्याचे नाव होते, आणि ते पाहून लिपिकाने अर्ज परत केला.

सुनावणीचा माझा अनुभव मात्र उपयोगी पडावा. आमच्या घराचा पुढचा खोलीवजा भाग दुकान म्हणून नोंदवला होता, कारण मोजणीच्या दिवशी तिथे सासूबाईंनी पापड-कुरडयांची पाकिटे मांडून ठेवलेली होती. निवासी आणि बिगरनिवासी यांच्या दरात मोठा फरक असतो. शिवाय रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी मिळकतींना लागतो, आणि बिलात तो दिसल्यामुळेच माझ्या लक्षात आले की कुठेतरी वापर चुकला आहे. बिलातील प्रत्येक ओळ वाचावी असे मी म्हणते ते यासाठी. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे नगरपालिकेचे नव्हेत, ते राज्य शासनासाठी गोळा केले जातात. वृक्ष कर, अग्निशमन, दिवाबत्ती, घनकचऱ्याचे शुल्क या ओळी त्याखाली असतात. सुनावणीला मला जेमतेम चार मिनिटे मिळाली. मी फोटो आणि घरगुती वीजबिल पुढे केले, अधिकाऱ्यांनी एक प्रश्न विचारला आणि पाहणीचा शेरा मारला. माझ्या आधीचे गृहस्थ वीस मिनिटे शहरातील खड्ड्यांवर बोलले आणि शेवटी त्यांची हरकत नेमकी कोणत्या नोंदीवर आहे हे त्यांनाच सांगता आले नाही.

घरात कोणी माजी सैनिक असल्यास राहत्या एका घराच्या करात सवलतीची योजना २०२० पासून आहे, तीही विचारून घ्यावी. आपल्या खान्देशात अनेक घरांतून मुले सैन्यात गेली आहेत, आणि त्यांचे आईवडील अजूनही पूर्ण कर भरताना मी पाहते.

निवृत्त कर लिपिक

ताईंनी बिगरनिवासीचा मुद्दा चांगला मांडला. दादांच्या दोन्ही शंकांना उत्तरे देतो.

नोटीस मयत व्यक्तीच्या नावाने असली तरी घरात राहणारा वारस भोगवटादार म्हणून हरकत देऊ शकतो. अर्जात "मयत अमुक यांचा मुलगा व भोगवटादार" असे लिहून मृत्यू दाखल्याची प्रत जोडावी. त्याच अर्जात नाव बदलण्याची विनंती मात्र मुळीच घुसवू नये. तो वेगळा विषय आहे, वेगळ्या टेबलावर जातो, आणि दोन विषयांचा अर्ज दोन्ही टेबलांवर पडून राहतो. वारसा हक्काने नाव लावण्याची सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहे. तिच्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे आणि अर्ज आपले सरकार पोर्टलवरूनही करता येतो. थकबाकी असेल तर हे काम अडते, म्हणून आधी चालू मागणी भरून टाकावी. भरताना पावतीसोबत "हरकत प्रलंबित ठेवून भरणा करीत आहे" असे एक ओळीचे पत्र द्यावे. हरकत मान्य झाली की जादा रक्कम पुढील मागणीत वळती करून मागता येते.

नाव लागले म्हणजे घर आपल्या मालकीचे झाले असा समज मात्र करून घेऊ नका. अनेक लोक ग्रामपंचायतीच्या सवयीने आकारणी उताऱ्याला नमुना आठ म्हणतात आणि तोच मालकीचा कागद समजून भावाभावांत भांडतात. आकारणीची नोंद केवळ कर कोणाकडून वसूल करायचा यासाठी असते. मालकीसाठी नगर भूमापन झालेल्या भागात भूमी अभिलेख कार्यालयातील मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहावी लागते, आणि तिथली वारस नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. कानबाईला सर्व भाऊ जमलेच होते, तर हे तेव्हाच उरकले असते तर बरे झाले असते.

शेडविषयी आपल्या भावांची भीती समजण्यासारखी आहे. पण शेड लपलेले नाही, ते आजच आपल्या क्षेत्रफळात धरलेले आहे. आपण फक्त ते स्लॅबचे नसून पत्र्याचे आहे एवढेच सांगणार आहात. कर लावल्यामुळे बांधकाम अधिकृत होत नाही. परवानगीचा प्रश्न बांधकाम विभागाचा आहे आणि हरकत दिली वा न दिली तरी तो जिथे आहे तिथेच राहतो.

पाणीपुरवठ्यातला

आपल्या तिसऱ्या भावाच्या मुद्द्यावर लिहितो, कारण मी एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात आहे आणि हा प्रश्न आम्हाला रोज ऐकावा लागतो. नळाला सहाव्या दिवशी पाणी येते ही तक्रार पूर्णपणे रास्त आहे, पण तिची जागा घरपट्टीच्या हरकतीत नाही. सुनावणी घेणाऱ्या नगररचनेच्या माणसाचा पाण्याशी संबंध नसतो. तो ती ओळ वाचतो आणि आपली शेडची खरी ओळही त्याच नजरेने वाचतो.

पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी अर्ध्या इंचाच्या जोडणीला वर्षाची ठोक रक्कम अशी असते, दिवस मोजून नसते, म्हणून लोकांना ती टोचते आणि मला स्वतःलाही ती रीत पटत नाही. मीटर बसवल्याशिवाय त्यावर उपाय नाही, आणि मीटरला विरोधही तेच लोक करतात. दिवसांच्या अंतराबद्दल मात्र एक गैरसमज आहे. हतनूर, गिरणा किंवा वाघूर धरणात पाणी आहे म्हणजे रोज पाणी मिळावे असे वाटते. धरणातील पिण्याचे आरक्षण पावसाळ्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील बैठकीत ठरते. नदीकाठच्या गावांना ते आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक वेळी नदीत पाणी सोडल्यावर बंधाऱ्यात किंवा विहिरीत मिळते. तिथून पुढे शुद्धीकरण केंद्र किती तास चालते, शहरात उंच टाक्या किती आहेत आणि एक टाकी भरायला किती वेळ लागतो यावर दिवस ठरतात. टाक्या तीन आणि वस्त्या अठरा असतील तर एका टाकीवर सहा वस्त्या येतात. दिवसाला एक टाकी एकदाच भरत असेल तर प्रत्येक वस्तीला सहाव्या दिवशीच पाणी येणार, धरण काठोकाठ भरलेले असले तरीही. त्यात एखादा पंप जळाला किंवा मुख्य जलवाहिनी फुटली की सहाचे आठ होतात.

म्हणून पाण्यासाठी वेगळा अर्ज द्या आणि त्यात आपल्या वस्तीला कोणत्या टाकीवरून पाणी येते, ती टाकी दिवसातून किती वेळा भरली जाते आणि आपल्या वाहिनीची शेवटची गळती दुरुस्ती कधी झाली, हे तीन प्रश्न विचारा. अशा अर्जाला आम्हाला गोलमाल उत्तर देता येत नाही, हे मी आतल्या माणसाच्या नात्याने सांगतो.

ओट्यावरचा

सर्वांचे मनापासून आभार. काल मोठ्या भावासोबत टेप लावून शेड पुन्हा मोजले. ते पंधरा बाय वीसच भरले. आईने ज्या कागदावर सही केली होती त्याची कार्बन प्रतही देव्हाऱ्याखालच्या पेटीत सापडली, आणि तिच्यावर बांधकाम प्रकाराचा रकाना कोराच आहे. वीजजोडणीचा जुना कागद मात्र मिळाला नाही. घर बांधताना वडिलांनी सहकारी पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचे १९९४ चे मंजुरीपत्र आहे, ते चालेल काय?

निवृत्त कर लिपिक

चालेल, फक्त त्यावर घराचा पत्ता किंवा गट क्रमांक असला पाहिजे. कोऱ्या रकान्याची ती कार्बन प्रत तर फोटोंच्याही वर लावा, आणि मूळ प्रत कोणी मागितली तरी हातची सोडू नका. दाखवायला न्या, झेरॉक्स द्या.

ओट्यावरचा

पत्रावर गट क्रमांक आहे. सोमवारी अर्ज देतो आणि आवक क्रमांक मिळाला की इथे कळवतो.